आधी चेहरा बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस मतदानाच्या ओळखपत्रावरून वाद चालला आहे. ‘मतदार कार्ड नसेल त्याला दारातूनच परत पाठवा’, ‘ते पर्यायी पुरावे बंद करून एकच कार्ड ठेवा’, ‘रेशन दुकानासारखा अंगठा घ्या’ अशी पत्रं वाचली. लिहिणाऱ्यांची कळकळ खरी आहे, बोगस मतदानाचा राग मलाही आहे. मी प्राथमिक शिक्षिका. १९९५च्या विधानसभेपासून २०२४च्या लोकसभेपर्यंत जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत केंद्रावरच्या टेबलामागे बसले. माझी आई जन्मभर विड्या वळत आली आणि दर निवडणुकीला टेबलापुढच्या रांगेत उभी राहिली. म्हणून दोन्हीकडचं सांगते.

माझ्या पहिल्या ड्यूटीला मतपत्रिका, फुलीचा रबरी शिक्का आणि पत्र्याची पेटी होती. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेब यांनी १९९३ साली फोटो ओळखपत्राचा आदेश काढला होता, तरी आमच्या केंद्रावर कार्ड घेऊन आलेला माणूस विरळाच. मी यादीतला अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचायचं, बाकावरच्या पक्षांच्या एजंटांनी मान हलवायची, झाली ओळख. त्या दुपारी विशी-बाविशीचा एक मुलगा आला. पहिलंच मत, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. यादीत बघते तर त्याच्या नावाखाली आधीच रेघ मारलेली. त्याच्या नावानं कुणीतरी सकाळीच मत टाकून गेलं होतं. केंद्राध्यक्षांनी नियमाप्रमाणे त्याला वेगळी मतपत्रिका दिली, ती पाकिटात घातली, वेगळ्या यादीत त्याची सही घेतली. याला प्रदत्त मत म्हणतात. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं सांगितलं तरच. त्या मुलानं मला विचारलं, “बाई, म्हणजे माझं मत पडलं का?” मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी फोटोच्या बाजूची आहे आणि आजही आहे. शाईनं एकच माणूस दोनदा येण्याला आळा बसतो. १९६२पासून म्हैसूरच्या कारखान्यातली ती शाई ते काम चोख करते. पण दुसऱ्याच्या नावावर पहिल्यांदाच आलेल्या माणसाला शाई अडवू शकत नाही. त्याला फोटो लागतो.

आता ७ मे २०२४चं सांगते. सोलापूरचं लोकसभेचं मतदान. ऊन चाळिशीच्या वर. माझी ड्यूटी मोहोळ तालुक्यातल्या एका गावात होती आणि आई इकडे सोलापुरात. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. सकाळी हातातलं विड्यांचं सूप बाजूला ठेवून ती रांगेत जाऊन उभी राहिली. आमचं घर तेलुगू बोलणारं, पद्मशाली समाजातलं. आईच्या मतदार कार्डावर तिच्या नावाला ‘अम्मा’ लागलेलं आहे, कारण नाव नोंदवायला आले तेव्हा तिनं घरी हाक मारतात तसं सांगितलं. यादीत मात्र ‘बाई’ झालेलं, आडनावातलं एक जोडाक्षरही सुटलेलं. सोलापूरच्या पूर्वभागात, आमच्या तेलुगू वस्तीत, हे घरोघरी आहे. एकाच घरात तीन भावांची आडनावं तीन तऱ्हेनं लिहिलेली मी शाळेच्या दाखल्यांवरसुद्धा बघितली आहेत.

टेबलावरच्या कर्मचाऱ्यानं नाव जुळत नाही म्हटलं. यादीत फोटो होता, पण छपाईत काळा पडलेला. एक एजंट मागून ओरडला, “ही ती बाई नाहीच.” आईचं आधार कार्ड बँकेच्या कामासाठी भावाकडे होतं. पासबुकावर फोटो नव्हता. तिनं कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं विडी कामगार ओळखपत्र काढलं. त्यावर तिचा फोटो आहे, कारखान्याचं नाव आहे, सरकारी शिक्का आहे. दवाखान्याला, आम्हा मुलांच्या शिष्यवृत्तीला, सगळीकडे तेच चाललं होतं. “हे यादीत बसत नाही,” म्हणाले. मागे रांग खोळंबली होती. आई बाजूला झाली, थोडा वेळ भिंतीच्या सावलीत बसली आणि घरी आली.

मी त्या वेळी दूरच्या गावात दुसऱ्यांच्या आयांची नावं वाचत होते. रात्री यंत्रं जमा करून साडेअकराला फोन केला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मी मी नाही म्हणाले गं ते.”

केंद्राचं नाव मी लिहीत नाही, त्या कर्मचाऱ्यांवर राग काढायचा नाही. तेही माझ्यासारखेच, आदल्या दिवसापासून झोप नसलेले. पण नियम मला पाठ आहेत म्हणून जीव तुटतो. कार्डावर आणि यादीत स्पेलिंगचा, शुद्धलेखनाचा किरकोळ फरक असेल आणि माणसाची ओळख पटत असेल, तर तो फरक सोडून द्यावा, अशी निवडणूक आयोगाची लेखी सूचना आहे. दुसऱ्या मतदारसंघातून दिलेलं जुनं कार्डसुद्धा चालतं, नाव इथल्या यादीत असलं म्हणजे झालं. एजंटाला ओरडून कुणालाही हटवता येत नाही. त्याला रीतसर आक्षेप घ्यावा लागतो, त्यासाठी दोन रुपये भरावे लागतात, मग केंद्राध्यक्षांनी तिथल्या तिथे चौकशी करायची असते आणि ओळख पटली नाही असं सिद्ध करणं आक्षेप घेणाऱ्याकडे असतं. यातलं काहीही झालं नाही. आई अर्ध्या मिनिटात बाजूला झाली. प्रशिक्षणात यंत्र कसं जोडायचं, सील कसं लावायचं यावर आमचे दोन-दोन तास जातात आणि ते गेलेच पाहिजेत. ओळख कशी पटवायची यावर मात्र मला आठवतं तेवढ्या प्रशिक्षणांत एक-दोन वाक्यांपलीकडे कुणी बोललं नाही.

पर्यायी पुरावे बंद करा म्हणणाऱ्यांनी ती यादी एकदा नीट वाचावी. २०२४ला मतदार कार्डाशिवाय बारा पुरावे होते. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटोचं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं कार्ड वगैरे. सरकारी नोकरांचं आणि पब्लिक लिमिटेड कंपनीतल्या कर्मचाऱ्याचं ओळखपत्र त्यात आहे. खासदार-आमदारांचंही आहे. माझं शिक्षिकेचं कार्ड त्यात बसत होतं. विड्या वळून मला शिक्षिका करणाऱ्या माझ्या आईचं कार्ड त्यात नव्हतं. ही यादी कायद्यात कोरलेली नाही, आयोग निवडणुकीच्या वेळी आदेश काढून ती ठरवतो. म्हणजे विडी कामगार ओळखपत्र त्यात घालायला संसदेची गरज नाही, एक ओळ पुरते. सोलापुरात विडी कामगार बायका हजारांनी आहेत. आपल्या सगळ्या पक्षांचे पुढारी कामगारांच्या मेळाव्यात भाषणं करतात, त्यांनी ही एक ओळ मागावी.

कुठलं कार्ड चालतं आणि कुठलं नाही, यावरचा हा वाद काही आपल्याच देशात नाही. माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक आणि तिथली कायदेशीर रहिवासी म्हणून तिला तिथं मत देता येतं. ४ जुलै २०२४च्या निवडणुकीत तिनं आपला भारतीय पासपोर्ट दाखवून मत दिलं. २०२३च्या आधी तिथं नाव-पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात मिळायची. २०२२च्या कायद्यानं फोटो लागू झाला, आणि २०२३च्या मे महिन्यातल्या स्थानिक निवडणुकीत सुमारे १४ हजार लोक योग्य ओळखपत्र नाही म्हणून मत न देता परतले, असं तिथल्या निवडणूक आयोगानंच सांगितलं. म्हाताऱ्यांचा बसचा पास चालतो आणि विद्यार्थ्यांचं प्रवासाचं कार्ड चालत नाही, यावरून तिथं बरंच रण माजलं. पण एक गोष्ट त्यांनी चांगली केली. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला अर्ज केला की मतदानापुरतं फोटोचं प्रमाणपत्र फुकट मिळतं.

अंगठ्याची मागणी करणाऱ्यांना मी आईचे हात दाखवू इच्छिते. साठ वर्षं तेंदूपानावर पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, बोटांच्या पेरांनी वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. अंगठ्यावरच्या रेषा कधीच झिजून गेल्या. रेशन दुकानातल्या यंत्रावर ती अंगठा लावते, पुसते, पुन्हा लावते, मधलं बोट लावते, मग दुकानदार म्हणतो उद्या या. रेशनला उद्या जाता येतं. मतदान संध्याकाळी सहाला संपतं.

आणि बोगस मतदान नेमकं सुरू कुठे होतं? माझ्या अनुभवात ते टेबलावर कमी आणि यादीत जास्त होतं. गेलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं राहतात. भवानी पेठेतून विडी घरकुल वसाहतीत, तिथून सोलापूरजवळच्या कुंभारीला राहायला गेलेल्यांची नावं जुन्या जागी तशीच असतात, आणि नव्या जागी दुसऱ्यांदा चढतात. कुंभारीच्या रे नगर वसाहतीत २०२४च्या जानेवारीत एकदम १५ हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यातल्या किती जणांना माहीत होतं की जागा बदलल्यावर नमुना ८ हा अर्ज भरायचा असतो? अशा माणसाला दुबार मतदार म्हणून चोर ठरवण्याआधी कुणी दारात जाऊन विचारलं का? उलट ज्याचं नाव यादीतून गळालं, त्यानं चार कार्डं दाखवली तरी त्याला मत देता येत नाही. हे केंद्रावर हात जोडून सांगण्याची वेळ माझ्यावर कितीदा आली त्याला गणती नाही. यादीचं काम कंटाळवाणं आहे, उन्हातान्हात जिने चढून करायचं आहे. मी ते केलं आहे. पण ते नीट झालं तर टेबलावरचा निम्मा तंटा आपोआप मिटेल.

देशाच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ला, सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली होती. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं होतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा नाइलाज होता, आणि पुढच्या वेळी नाव सांगा म्हणून बायकांना समजवावं लागलं. माझ्या आईनं तर नाव सांगितलं होतं. तिला जशी हाक मारतात तसंच सांगितलं होतं.

माझं मागणं थोडकं आहे. फोटो ओळखपत्र राहू द्या, पर्यायी पुराव्यांत विडी कामगार ओळखपत्र घाला. प्रशिक्षणात कर्मचाऱ्यांना अर्धा तास फक्त ओळख पटवण्याचे नियम शिकवा आणि ‘किरकोळ फरक सोडून द्यावा’ ही ओळ मोठ्या अक्षरात टेबलावर चिकटवा, म्हणजे मतदारालाही ती बोट ठेवून दाखवता येईल. आणि यादीतला फोटो असा छापा की त्यात माणूस दिसेल.

नावाच्या दुरुस्तीलाही नमुना ८च लागतो, मागच्या पावसाळ्यात मी तो आईसाठी भरला. काय लिहायचं म्हणून विचारलं, तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अम्माच राहू दे.” यादीतही आता अम्मा झालं. नवं कार्ड पोस्टानं आलं तेव्हा ती सुपापुढे बसली होती. हात पदराला पुसून तिनं ते डोळ्यांजवळ धरलं, फोटोवरून बोट फिरवलं आणि विडी कार्डाच्याच पिशवीत ठेवून दिलं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
विडी घरकुल, सोलापूर