लुवेनहून घरी

लुवेन (बेल्जियम), ८ मार्च

ती. आजोबा, ती. बाबा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. आई, फोनवर आवाज बसलेला वाटला तो सर्दीमुळे, आता काही नाही. मेतकूट अजून पुरतंय. थंडी ओसरायला लागली आहे, तेव्हा स्वेटर पाठवू नकोस.

कचऱ्याचं फोनवर अर्धवट राहिलं होतं, ते नीट सांगते. इथे कचऱ्याच्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात, त्याही ठरवून दिलेल्याच. कचरा उचलण्याचे पैसे पिशवीच्या किमतीतच धरलेले असतात, म्हणून ज्याचा कचरा जास्त त्याला भुर्दंड जास्त. प्लास्टिकच्या बाटल्या, पत्र्याचे डबे आणि दुधाचे खोके निळ्या पिशवीत. कागद वेगळा, खोक्यात भरून. काच यातल्या कशातच नाही. ती रस्त्यावरच्या मोठ्या टाकीत आपण नेऊन टाकायची, पांढरी एका भोकातून, रंगीत दुसऱ्या. तेही रात्री नाही, कारण फुटण्याचा आवाज होतो. पहिल्याच महिन्यात माझी निळी पिशवी न उचलता दारात ठेवून गेले, कारण मी तिच्यात लोणच्याची बरणी घातली होती. आई, ती तू दिलेली बरणी. धुऊन खिडकीत ठेवली आहे, टाकवली नाही.

बाबा, तुमची काळजी मला कळते. पण धर्म बदलण्याचा विषय इथे माझ्यापाशी एकदाही कुणी काढलेला नाही. विद्यापीठ कॅथलिक आहे, वर्गात सगळ्या तऱ्हेची मुलं आहेत. मी पूजा शिकायला आलेले नाही. एक जुनं शास्त्र मागे पडल्यावर पुन्हा उभं कसं राहतं, ते मला बघायचं आहे.

आजोबा, हे मुख्यतः तुमच्यासाठी. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस होऊन गेला. ॲरिस्टॉटलचा तर्क घेऊन त्याने ख्रिस्ती धर्मशास्त्राची मांडणी केली. पुढे देकार्त, कांट असे नवे तत्त्वज्ञ आले, विज्ञान आलं, आणि ही जुनी पद्धत बऱ्याच ठिकाणी मागे पडली. मग ४ ऑगस्ट १८७९ रोजी पोप तेरावे लिओ यांनी सगळ्या बिशपांना पत्र लिहिलं की थॉमसकडे परत चला. पण नुसतं परत जायचं नव्हतं. जुन्यात नव्याची भर घालून ते पुरं करा, असे त्यात शब्द आहेत. त्यांच्याच सांगण्यावरून इथे देझिरे मर्सिए नावाच्या तरुण पाद्र्याने १८८२मध्ये थॉमसवर व्याख्यानं सुरू केली आणि १८८९मध्ये मी शिकते ती ही तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिली. मी आत्ता बसले आहे तो चौक मर्सिए यांच्याच नावाचा. त्यांनी इथे प्रायोगिक मानसशास्त्राची प्रयोगशाळासुद्धा काढली! मनाबद्दल बोलायचं तर आज मनाचा अभ्यास करणारे काय म्हणतात ते आधी ठाऊक हवं, असा त्यांचा आग्रह. माझा प्रबंध त्यावरच आहे.

ग्रंथालयात पहिल्यांदा थॉमसचं पान उघडलं तेव्हा तुमची फार आठवण आली. प्रश्न असा, की देव आहे का? आणि उत्तराची सुरुवात, ‘देव नाही असं दिसतं.’ का, तर देव म्हणजे अमर्याद चांगुलपणा. तो असता तर जगात वाईट उरलंच नसतं, पण ते आहे. दुसरं, जगातलं सगळं निसर्गाने आणि माणसाच्या इच्छेने समजावता येतं, मग देव मानायची गरज काय? एवढं सगळं विरोधकाच्या बाजूने मांडून झाल्यावरच तो स्वतः बोलतो. हा आपला पूर्वपक्षच की! समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडता आल्याशिवाय खंडनाला तोंड उघडू नये, हे तुम्ही ओसरीवर कितीदा सांगितलंत.

पुढे थॉमसकडे परतण्याच्या या चळवळीचं काही ठिकाणी वाईटही झालं. १९१४मध्ये रोममधून थॉमसच्या मतांच्या चोवीस सिद्धांतांची यादी निघाली. कित्येक सेमिनरींत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळांत, मुलं लॅटिन पुस्तकांतली उत्तरं घोकत बसली आणि पूर्वपक्ष नावापुरता उरला. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण इथलं दार उघडं राहिलं. १९३८मध्ये याच संस्थेत हुसर्ल या तत्त्वज्ञाची हजारो हस्तलिखित पानं आणून ठेवली. तो जन्माने ज्यू, आणि जर्मनीत ते कागद नष्ट होण्याची भीती होती. फादर व्हान ब्रेडा यांनी ते बाहेर काढले.

बाबा, नगर रोडवरच्या पेपल सेमिनरीवरून आपण किती वेळा गेलो असू! ती याच लिओंनी १८९३मध्ये श्रीलंकेत कँडीला काढली आणि १९५५मध्ये ती पुण्यात आली. रिचर्ड द स्मेट नावाचे बेल्जियन जेझुइट (त्या नावाच्या कॅथलिक संघातले पाद्री) थॉमस वाचून पुण्यात आले आणि शंकराचार्यांवर आयुष्यभर काम केलं. आचार्य आधी श्रुतीचे भाष्यकार, मग बाकी सगळं, असं त्यांचं म्हणणं. आजोबा, यावर तुमचं मत मला हवं आहे, दोन ओळी तरी लिहा.

आता पैशांचं. एप्रिलचा हप्ता मी इथूनच भरणार आहे. हॉटेलात भांडी घासते म्हणून आईने रडू नये, आठवड्याला दहाच तास आहेत, अभ्यास बुडत नाही. विहिरीकडचं शेत विकायचं मनातही आणू नका. आजोबांच्या मोतीबिंदूसाठी दोनशे युरो वेगळे ठेवलेत, ऑपरेशन पुढे ढकलू नका.

साताऱ्याच्या स्थळाबद्दल बाबा बोलत होते आणि मी मध्येच फोन ठेवला. चुकलं माझं. नोकरी सोडून इथे निघाले तेव्हाही तुमचं पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. हेच स्थळ का, आत्ताच का, सगळं लिहून पाठवा. आधी तुमची बाजू तुम्हाला पटेल अशी मी मांडून दाखवीन, मगच माझं उत्तर देईन. उत्तर कदाचित नाहीच असेल, तेही आत्ताच सांगून ठेवते. त्या लोकांना जूनपर्यंत थांबवलंत तर बरं होईल. नसतील थांबत, तर माझ्यासाठी त्यांना अडकवून ठेवू नका.

आजोबांना डोळ्यांत थेंब वेळेवर घालायला सांगा.

तुमची,
मनू