पोकरबंदीनंतरचा प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या पोकर, रमीसारख्या सर्वच ऑनलाइन खेळांना मनाई केली. असे खेळ चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद वा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे; खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही आणि ते योग्यच आहे. रमीत कौशल्याचा भाग मोठा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच मान्य केले होते, तोच युक्तिवाद पोकरचे समर्थकही करतात. नवा कायदा मात्र कौशल्य आणि नशीब असा भेदच करीत नाही. (याच खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर सरकारने ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी आकारला होता, हेही विसरू नये.)

खरी अडचण परदेशातून चालणाऱ्या संकेतस्थळांची आहे. तिथे तक्रार कुणाकडे करायची? हळदीच्या सौद्याचे किंवा उसाच्या बिलाचे पैसे खात्यावर येताच मोबाइल हाती घेणारा आमच्या भागातला तरुण बंदीनंतर तिकडेच वळणार असेल, तर बँकांनी असे व्यवहार रोखावेत या कायद्यातील तरतुदीची अंमलबजावणी कशी होते, हे जिल्हा प्रशासनाने जाहीर करावे.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली