जनावराच्या औषधाची बाटली बिननावाची नको

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणात मंडणगडपासून दोडामार्गापर्यंत गोठ्यातल्या खुंटीला किंवा पडवीच्या फळीवर एक बाटली हमखास सापडते. कधी सरबताची, कधी सलाईनची, कधी माणसांच्या खोकल्याच्या औषधाची, लेबल खरवडलेली. आत दुधी नाहीतर तपकिरी पाणी. शेळीला हगवण लागली, म्हशीने चारा सोडला, कुत्र्याला गोचीड झाले, की कुठून तरी ही बाटली येते आणि सोबत ‘सकाळ-संध्याकाळ झाकणभर पाजा’ एवढी तोंडी सूचना. जनावर बरे झाले तर बाटलीचे नाव होते. मेले तर आत काय होते आणि किती होते, याचे उत्तर द्यायला कोणी उरत नाही. आमच्यातला एक पशुवैद्यक आहे आणि एक औषधनिर्माता. म्हणून या प्रश्नाची कायद्याची बाजू आणि कामाची बाजू एकत्र मांडत आहोत.

औषध मिसळून देणे हा गुन्हा नाही, हे आधी सांगितले पाहिजे, कारण भीतीपोटी काही दुकानदार योग्य चिठ्ठी असतानाही हात वर करतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० जनावरांच्या औषधांनाही लागू आहे. ‘औषध’ या शब्दाच्या व्याख्येतच प्राणी आलेले आहेत. त्याच कायद्याने ‘उत्पादना’ची व्याख्या करताना किरकोळ व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात औषध मिसळून देणे त्यातून वगळले आहे. १९४५ च्या नियमांत ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी’ म्हणजे कोण हे सांगताना पशुवैद्यकाचाही समावेश आहे, आणि त्याच नियमांतल्या अनुसूची ‘के’प्रमाणे (ही सवलतींची यादी) तो स्वतःच्या रुग्णासाठी विक्री परवान्याशिवाय औषध देऊ शकतो. अट अशी की त्याने उघडे दुकान मांडायचे नाही आणि काउंटरवरून येईल त्याला विकायचे नाही. दुकानात चिठ्ठीवरचे औषध मिसळायचे तर फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे ते काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे. विक्रीच्या नियमांनुसारही ते त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच व्हायला हवे. भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र देखरेख करत नाही. चिठ्ठीवर तारीख, सही, एकूण प्रमाण व मात्रा असावी लागते, आणि औषध जनावरासाठी असेल तर मालकाचे नाव व पत्ता. आपल्याकडच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर नुसते ‘गाय’ असते.

म्हणजे सगळी सवलत एका धाग्यावर उभी आहे: ओळखता येणारे जनावर, त्याला तपासलेला पशुवैद्यक आणि त्याच्यासाठी केलेले मिश्रण. हा धागा तुटला की सवलतही गेली. पावसाळ्याच्या तोंडावर हगवणीच्या मिश्रणाच्या वीस बाटल्या आगाऊ भरून ठेवल्या, तर त्या कोणाच्या रुग्णासाठी? तिथे मिश्रण संपते आणि विनापरवाना उत्पादन सुरू होते. १९४० च्या कायद्याच्या कलम १८ चा भंग आणि कलम २७ खाली किमान तीन व कमाल पाच वर्षे कैद, शिवाय किमान एक लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांत जे जास्त तेवढा दंड. पशुखाद्याच्या किंवा खतांच्या दुकानात औषध परवान्याशिवाय जनावरांची प्रतिजैविके विकणाऱ्यालाही हेच कलम लागते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० प्रमाणे पशुवैद्यकी करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पशुधन पर्यवेक्षकांना शासनाने नेमून दिलेल्या किरकोळ सेवा त्याच्या देखरेखीखाली देता येतात. स्वतःच्या बुद्धीने मिश्रण ठरवणे त्यांत बसत नाही. आडगावात वेळेला धावून येतात ते पर्यवेक्षकच, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच उद्या काही विपरीत घडले तर पहिला बळी त्यांचा जाऊ नये, असे वाटते.

आता मिश्रणात बिघडते काय, ते पाहू.

जंत-गोचिडांवरच्या आयव्हरमेक्टिनचे जनावरांचे इंजेक्शन एक टक्क्याचे असते, म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. गायीला ५० किलो वजनामागे १ मिली हा हिशेब. तोच हिशेब पाच किलोच्या कुत्र्याला लावला तर हाती येते ०.१ मिली. सिरिंजवर ही एक बारीकशी रेघ असते. ती हुकून १ मिली गेले की दहापट मात्रा झाली. मग थरथर, आंधळेपणा, बेशुद्धी. हे टाळायला कोणी त्यात पाणी घालून पातळ करतो. पण आयव्हरमेक्टिन पाण्यात विरघळत नाही. द्रव गढूळ होतो, औषध तळाशी बसते, वरचे डोस पाण्यासारखे जातात आणि शेवटच्या डोसात सगळे एकदम. बाटली हलवूनही तळाला चिकटलेला थर पूर्ण सुटत नाही. पातळ करायचेच असेल तर ते पशुवैद्यकाने लिहून दिलेल्या योग्य द्रावकात, औषधनिर्मात्याने, ताज्या मापाने.

दुग्धज्वरात (व्यायलेल्या गायी-म्हशीच्या रक्तातले कॅल्शियम घटते तो आजार) कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली शिरेतून लावतात. ‘एकाच सुईत काम होऊ दे’ म्हणून त्यातच सेफ्ट्रियाक्झोन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक सोडणे ही नेहमीची चूक आहे. सेफ्ट्रियाक्झोनचा कॅल्शियमशी साका होतो, आणि त्याचे बारीक कण नळीतून रक्तात जातात. ऑक्सिटेट्रासायक्लिनला कॅल्शियम बांधून टाकते, मग औषध दिले काय न दिले काय, सारखेच. दोन्ही द्यायची असतील तर वेगळ्या वेळी आणि वेगळ्या नळीने.

मिश्रण अपरिहार्य असते असेही प्रसंग आहेत. कुत्र्याच्या फिटवर दिले जाणारे पोटॅशियम ब्रोमाइड हे त्यांतले ठळक. २५० मिलिग्रॅम प्रति मिली असे द्रावण करायचे तर २५ ग्रॅम पावडर थोड्या शुद्ध पाण्यात विरघळवून मग १०० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरायचे. आधी १०० मिली पाणी मोजून त्यात २५ ग्रॅम टाकले तर द्रव सात-आठ मिलीने वाढतो आणि औषध सहा-सात टक्के सौम्य होते. पावडर औषधी दर्जाचीच हवी; शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेची स्वस्त पावडर चालत नाही. मापासाठी बिनसुईची सिरिंज द्यावी, कारण घरोघरी चमचा वेगळा असतो. कोकणापुरती आणखी एक गोष्ट प्रत्येक मालकाला सांगितलीच पाहिजे. कुत्र्याला सुकट, बांगड्याचे खारे किंवा खारवलेल्या मासळीचे पाणी भातात कालवून दिले, की मिठातल्या क्लोराइडमुळे ब्रोमाइड लघवीवाटे भराभर बाहेर पडते आणि फिट परत येतात. मग मालक औषधाला दोष देतो, पशुवैद्यक दुकानाला, आणि दोष असतो ताटलीत. हेच औषध मांजराला देऊ नये, फुप्फुसाला सूज येते. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, आणि कुत्र्याच्या गोचिडावरचे परमेथ्रिनही.

आपली हवा हा वेगळाच शत्रू. जून ते सप्टेंबर कागदी पुडीतली पावडर ओल धरून गोळा होते, निम्मी मात्रा कागदालाच चिकटून राहते. परिरक्षक (नासू न देणारा घटक) न घातलेले पाणीदार मिश्रण फ्रीजमध्येसुद्धा दोन आठवड्यांपलीकडे वापरू नये. फळीवरची बाटली मात्र वर्ष-वर्ष टिकते.

हे नुसते खेड्यापाड्यातले अज्ञान आहे असे कोणी समजू नये. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या पोलो स्पर्धेआधी एकाच संघाचे २१ घोडे दगावले. त्यांना टोचलेले जीवनसत्त्व-खनिजांचे मिश्रण परवानाधारक फार्मसीने चिठ्ठीवरूनच बनवले होते. त्यातल्या सेलेनियम या खनिजाचे प्रमाण चुकले होते. तिथे निदान मिश्रण कोणी केले, कशावरून केले आणि त्यात काय घातले, हे कागदावर होते. म्हणून कारण सापडले.

दूध, अंडी, मटण, मासळी यांचा प्रश्न तर दुसऱ्याच्या ताटापर्यंत जातो. २०१२ पासून अन्न देणाऱ्या जनावरांच्या औषधाच्या लेबलवर, औषध थांबवल्यावर किती दिवस उत्पादन विकू नये, तो काळ छापणे सक्तीचे आहे. तो तपासून ठरलेला नसेल तर दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस आणि माशांसाठी ५०० अंश-दिवस. कोळंबीच्या तळ्यांवरही पाण्याचे तापमान पाहूनच दिवस मोजण्याची सवय लागली पाहिजे: पाणी २८ अंशांचे असेल तर ५०० भागिले २८, म्हणजे सुमारे १८ दिवस. मिसळून दिलेल्या औषधावर हा काळ कोणीच लिहीत नाही, आणि दूध दुसऱ्या सकाळी डेअरीच्या कॅनमध्ये जाते. कॉलिस्टिन हे प्रतिजैविक तर २०१९ पासून अन्न देणाऱ्या जनावरांसाठी बंदच आहे. डायक्लोफिनॅक हे ताप-दुखीचे औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मरतात, म्हणून ते जनावरांना वापरायला २००८ च्या अधिसूचनेने बंदी आली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शन ३ मिलीच्या एका मात्रेपुरते केले गेले. त्याच प्रकारच्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली. म्हसळ्याच्या चिरगावला पांढऱ्या पाठीची गिधाडे आजही घरटी करतात. ‘ताप-दुखीचे’ म्हणून दिलेल्या बिननावाच्या इंजेक्शनात यांपैकी एखादे असेल आणि ते ढोर उघड्यावर पडले, तर मेलेल्या गिधाडांचा जाब कोणाला विचारणार? त्याऐवजी मेलोक्सिकॅम सहज मिळते, गिधाडांना सुरक्षित आहे.

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक विचारला जातो. चिठ्ठीत औषधाची शक्ती न लिहिता नुसते ‘५ सीसी’ लिहिले असेल तर चूक लिहिणाऱ्याची. चिठ्ठी स्वच्छ असून दुकानात चुकीचे मोजले गेले तर औषधनिर्मात्याची आणि दुकानमालकाची. दवाखान्यातल्या मदतनीसाने मिसळले तर त्याची जबाबदारी पशुवैद्यकावर येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८६ प्रमाणे विक्रेत्याने उत्पादनात फेरफार केला आणि मुख्यतः त्यामुळेच हानी झाली, तर विक्रेताही जबाबदार धरला जातो. हानीमध्ये मालमत्तेचे नुकसान येते, आणि जनावर ही मालमत्ताच. पोटापाण्यासाठी स्वतः दोन म्हशी पाळणारा माणूस व्यापारी ठरत नाही, तो ग्राहकच. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पूर्णपणे मोफत मिळालेली सेवा या कायद्यात येत नाही. तेव्हा पशुवैद्यकाच्या वर्तनाची तक्रार नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे करावी. आणि मालकाने स्वतःच्या मनाने मात्रा दुप्पट केली असेल तर भार त्याच्यावर. गुरांच्या विम्याच्या पॉलिसीतही अकुशल उपचाराने झालेला मृत्यू सहसा वगळलेला असतो.

पुराव्याशिवाय यातले काहीच चालत नाही. जनावर दगावले तर पुरायची घाई नको. आपल्या उकाड्यात काही तासांत सडते, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे. विषबाधेच्या तपासणीसाठी जठरातील ऐवज, यकृत, मूत्रपिंड मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. घाईत फॉर्मॅलिनमध्ये बुडवले तर विषाची तपासणी बिघडते. फॉर्मॅलिन फक्त पेशींच्या तपासणीसाठी कापलेल्या छोट्या तुकड्याला. उरलेले औषध त्याच बाटलीत, झाकण चिकटपट्टीने बंद करून फ्रीजमध्ये ठेवावे. १९४० च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणीही विकत घेतलेले औषध शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. पण ‘विकत घेतलेले’ हे दाखवायला पावती लागते, आणि बिननावाच्या बाटलीची पावती नसते.

जुन्या डॉक्टरांच्या मिक्स्चरच्या बाटलीवर खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे. प्रत्येक खाच म्हणजे एक डोस. तेवढीच साधी पट्टी आम्ही मागत आहोत. त्यावर मजकूर असा असावा: मालकाचे नाव व गाव, कुत्रा, १२ किलो (गाय-म्हैस-शेळी असेल तर कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक), पोटॅशियम ब्रोमाइड २५० मिलिग्रॅम प्रति मिली, एकूण २१ मिली, रोज १.५ मिली, जेवणासोबत, तयार केल्याची तारीख, अमुक तारखेनंतर फेकावे, दूध-अंडी-मांस किती दिवस विकू नये, लिहून देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, मिसळणाऱ्याची सही, आणि ठळक अक्षरांत ‘फक्त जनावरांसाठी, माणसांनी घेऊ नये’. हाच मजकूर एका वहीत उतरवला की नोंद झाली.

अन्न व औषध प्रशासन आणि पशुसंवर्धन विभाग यांनी मिळून या पट्टीचा एकच मराठी नमुना काढावा आणि रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात व औषध दुकानात तो मिरगाच्या आधी पोहोचवावा. हगवणीच्या बाटल्या तेव्हाच भरायला लागतात.

कळावे,

आपले,
एक पशुवैद्यक व एक औषधनिर्माता
रत्नागिरी जिल्हा