हात लावण्याआधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा एका मालिश केंद्राची जाहिरात वाचली : 'मनावरचा आघात मुळापासून बरा करू.' मी वीस वर्षं घरोघरी जाऊन बाळंतिणींना, म्हाताऱ्या माणसांना तेल लावते. त्यावरच माझं घर चालतं, तेव्हा मालिशला मी नावं ठेवणार नाही. पण हा दावा खोटा आहे आणि आमच्या घराने त्याची झळ सोसली आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आमची घरं दगडमातीची, भिंती रुंद, वर मातीचं जड माळवद. काकू त्याखाली सापडली. ढिगाऱ्याबाहेर फक्त तिचा उजवा पंजा दिसत होता. माणसं दगड उचलेपर्यंत आजोबा तो पंजा धरून बसले होते. काकू वाचली. तिचा दोन वर्षांचा मुलगा गेला.

पुढे पुनर्वसनात पक्कं घर मिळालं, पण काकू छताखाली झोपेना. ट्रक गेला, भांडं पडलं, की उठून अंगणात. लोक म्हणायचे, फार मनाला लावून घेतलंय. हे दुखणं आहे आणि त्याला नाव आहे, हे कळायला आम्हाला वीसेक वर्षं लागली. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार असल्याचं सांगितलं. गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं. त्या रात्रीबद्दल काकू पहिल्यांदा तिथेच बोलली.

मालिश त्यानंतरची, तीही डॉक्टरांना विचारून. दार उघडं, दिवा चालू, काकू खुर्चीत बसलेली. करडईचं तेल कोमट करून मी आधी विचारते, "काकू, हात धरू का?" मग उजवा पंजा. पहिले कित्येक आठवडे तेवढाच, कारण दुसरीकडे बोट लागलं तरी ती अंग चोरायची. खांद्यापर्यंत पोचायला चार महिने गेले. "बस" म्हणाली की हात जागच्या जागी थांबतो. त्या दिवशी तिला जरा सलग झोप लागते, मानेचा ताठा उतरतो. मालिशचं काम एवढंच, पण तिच्यासाठी ते थोडं नाही.

दोन वर्षांपूर्वी नातलगांनी मायेपोटी तिला शहरातल्या एका केंद्रात नेलं. तिथे दार लावलं, दिवा मालवला, तिला पालथं झोपवून न विचारता पाठीवर भार दिला. ती किंचाळली, तर म्हणाले, "दुःख बाहेर पडतंय." वर गोळ्या बंद करायला सांगितल्या. पुढचे पंधरा दिवस काकू पुन्हा अंगणात, पावसातसुद्धा.

मालिशचे वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. नसा आणि स्नायू शिकवता, तसं विचारायलाही शिकवा. कुठे हात चालेल, दार उघडं हवं का, पालथं झोपवलं तर चालेल का, हे आधी विचारायचं. माणूस दचकला तर थांबायचं. औषधांबद्दल बोलायचं नाही. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी आधी डॉक्टर गाठावा. सरकारच्या टेली मानस या मनाच्या दुखण्यांसाठीच्या फोन-मदतीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि त्या जाहिरातीतून 'मुळापासून' हा शब्द काढायला लावा, एवढं आपण करावं.

आपली,
एक मालिशवाली, जि. लातूर