सेविकाताई, मनःपूर्वक आभार

ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांचे सर्वेक्षण करणाऱ्या एका प्रकल्पात मी अर्धवेळ संशोधन साहाय्यक आहे. गळीत हंगाम संपून माणसे गावी परतल्यावर, मे महिन्यात, आम्ही बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. घरांची यादी २०११ च्या जनगणनेवर आधारलेली असल्यामुळे कित्येक घरे सापडेनात, आणि जी सापडली तेथे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा, प्रश्न निघताच बायका गप्प होत. सांगितलेले मुकादमाच्या कानावर गेले तर पुढच्या हंगामात काम मिळणार नाही, ही त्यांची भीती अगदी रास्त होती.

तेव्हा तेथील अंगणवाडी सेविकाताई पुढे आल्या. त्यांनी संमतीपत्र आधी स्वतः पूर्ण वाचले, नावे कोठे ठेवली जातील आणि कोण पाहील हे खोदून विचारले, आणि समाधान झाल्यावरच भर उन्हात आमच्याबरोबर घरोघर फिरल्या. मुलाखत सुरू झाली की त्या घरातले तान्हे मूल कडेवर घेऊन लांब लिंबाखाली जाऊन बसत; गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसारखी गोष्ट बाई आपल्यासमोर मोकळेपणाने सांगणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गोपनीयतेचा नियम मी वर्गात शिकले होते, पण तो इतक्या आपुलकीने पाळलेला प्रथमच पाहिला. एका बाईंनी नकार दिला, तेव्हा त्यांना पुन्हा विचारू नका असे ताईंनी मला स्पष्ट सांगितले, आणि त्यासाठी मी त्यांची विशेष ऋणी आहे.

ताई, तुमचे आणि बोलत्या झालेल्या त्या सर्व महिलांचे मनापासून आभार.