मॅन्सर विमानातच का राहिले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० मे जवळ आला की १९४२ मध्ये जर्मनीतील कलोन शहरावर ब्रिटिश हवाई दलाने केलेल्या ‘हजार बॉम्बर’ हल्ल्यात मारले गेलेले वैमानिक लेस्ली मॅन्सर यांच्यावर स्मरणलेख येतात. जन्म १९२२ मधला, नवी दिल्लीचा, म्हणून आपल्याकडे जरा अधिकच. अशा लेखांत ‘हसत मृत्यूला कवटाळले’ हे वाक्य ठरलेले. आक्षेप त्या वाक्यालाच आहे. शेवटच्या मिनिटांत त्यांचे हातपाय काय करत होते, ते त्यात कुठेच दिसत नाही.

विमान होते अॅव्ह्रो मँचेस्टर, ब्रिटिश बॉम्बर. दोन व्हल्चर इंजिने, प्रत्येकी २४ सिलिंडरची, तापण्यासाठी आणि मोडण्यासाठी बदनाम. एक बंद पडले तर दुसऱ्याच्या जोरावर उंची टिकवणे या विमानाला सहसा जमत नसे. त्या रात्री सुमारे ७,००० फुटांवर सर्चलाइटच्या झोतात सापडून तोफांचा मार बसला, तरी मॅन्सर यांनी बॉम्ब टाकले आणि मारा चुकवत १,००० फुटांपर्यंत खाली आले. पुन्हा कसेबसे २,००० फूट गाठले, तोच डाव्या इंजिनाने पेट घेतला. आग विझायला दहा मिनिटे गेली. तोवर इंजिन निकामी झाले होते आणि पंखाचा काही भाग जळाला होता.

आता ताकद फक्त उजव्या बाजूला, त्यामुळे नाक सतत डावीकडे वळणार. ते सरळ ठेवायचे तर रडरचे, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचे, उजवे पेडल दाबून धरावे लागते. पण रडरला जोर वाऱ्याच्या वेगातून मिळतो. वेग एका मर्यादेखाली गेला की पेडल तळापर्यंत दाबूनही उपयोग नसतो. डावा पंख खाली झुकतो आणि विमान उलटे होते. वेग राखण्यासाठी नाक खाली करावे, तर उंची जाते, आणि उंची मुळातच उरलेली नव्हती. अशा विमानाचे कंट्रोल सोडून वैमानिक उठला, तर त्याला दारापर्यंत पोहोचायलाही वेळ मिळत नाही, मागच्यांचे तर विचारायलाच नको. बाकी सहा जण बाहेर पडेपर्यंत कोणीतरी पेडलवर पाय ठेवून बसणे भागच होते. एका सार्जंटने पुढे केलेले पॅराशूट मॅन्सर यांनी परतवले. लगेच उडी मार, विमान आणखी काही सेकंदच स्थिर धरता येईल, असे म्हणाले. ते तेव्हा २० वर्षांचे होते.

विमान मॅन्सर यांच्यासह बेल्जियममध्ये कोसळले. बाकी सहाही जण वाचले. एक पकडला गेला, पाच जण बेल्जियममधून निसटून ब्रिटनला पोहोचले. त्यांच्या जबानीमुळेच हे सारे कळले आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये मॅन्सर यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान जाहीर झाला. ज्या विमानांतून कोणीच परतले नाही, त्यांच्या वैमानिकांबद्दल असे सांगणार कोण? थडगे नसलेल्या २०,००० हून अधिक हवाई सैनिकांची नावे इंग्लंडमधील रनीमीडच्या स्मारकावर कोरलेली आहेत. आणि कलोनमध्ये त्या रात्री साडेचारशेहून अधिक माणसे मेली, हेही अशा स्मरणलेखात यायला हवे. त्याने मॅन्सर लहान होत नाहीत.

शेवटी दोन किरकोळ दुरुस्त्या. उड्डाण ३० मेच्या रात्रीचे असले, तरी विमान कोसळले मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे मृत्यूची तारीख ३१ मे. आणि अशा लेखासोबत लँकेस्टर या बॉम्बरचे छायाचित्र टाकू नये. ते मँचेस्टरमधूनच घडवलेले असले, तरी त्याला इंजिने चार आहेत आणि मॅन्सर यांच्या विमानाला दोनच होती.

– एक वाचक