इलेक्ट्रिक क्रॉसओव्हर देशी ठरवताना नुसता टक्का पाहू नका : अवजड उद्योग मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अवजड उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : देशी इलेक्ट्रिक क्रॉसओव्हरमधील सेल, चुंबक आणि पॉवर मॉड्यूल यांबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

टाटांची नेक्सॉन ईव्ही ही इलेक्ट्रिक क्रॉसओव्हर (एसयूव्हीसारखी उंच कार) जानेवारी २०२० मध्ये ३०.२ किलोवॉट-तासांच्या बॅटरीसह बाजारात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने बीई ६ जाहीर केली, तिचा मोठा पॅक (अनेक सेल जोडून केलेली बॅटरी) ७९ किलोवॉट-तासांचा. एक गाडी रांजणगावची, दुसरी चाकणची. बॉडी, सस्पेन्शन, सीट, काचा, वायरिंग या कामांत आपले पुरवठादार तयार आहेत, त्यावर शब्द खर्च करत नाही. पण बीई ६ च्या पॅकची जुळणी इथली असली तरी आतले एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल बीवायडी या चिनी कंपनीचे आहेत. आमचे म्हणणे तिथून सुरू होते.

वाहन क्षेत्राच्या २५,९३८ कोटींच्या पीएलआय (उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन) योजनेत किमान ५० टक्के देशी मूल्यवर्धनाची, म्हणजे किमतीतला तेवढा वाटा देशात तयार होण्याची, अट आहे आणि हा टक्का रुपयांत मोजला जातो. त्यामुळे पत्रा, प्लास्टिक, टायर आणि जुळणीच्या बळावर बरीच मजल मारता येते. गाडी अडते ती मात्र सेल, मोटरमधले चुंबक आणि बॅटरीची वीज मोटरला जुळवून देणाऱ्या इन्व्हर्टरमधले पॉवर मॉड्यूल (वीज नियंत्रित करणाऱ्या चिपांचा संच) या तीन ठिकाणी. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम धरून सात रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. एका मोटरीत एक ते दोन किलो चुंबक लागते. गाडीच्या किमतीत त्याचा वाटा नगण्य, पण ते नसेल तर गाडी लाइनवरून खाली उतरत नाही. टक्क्यांच्या हिशेबात ही जोखीम दिसतच नाही.

सर्वांत अवघड काम सेलचे. मे २०२१ मध्ये देशात सेल बनवण्यासाठी १८,१०० कोटींची, ५० गिगावॉट-तासांची योजना मंजूर झाली. प्रत्यक्ष उभी राहिलेली क्षमता त्या मानाने फारच थोडी. भांडवल हे त्याचे एकच कारण नव्हे. सेलचा ॲनोड (ऋण अग्र) सहा ते आठ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या फॉइलवर लेप देऊन बनतो. लेप एखाद्या जागी पातळ राहिला की चार्जिंगच्या वेळी तिथे धातुरूप लिथियम साचते. हवेतला ओलावा आत गेला तर इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षारापासून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. म्हणून ड्राय रूममधल्या (सेल जुळवण्याच्या कोरड्या खोलीतल्या) हवेचा दवबिंदू उणे ४० अंशांखाली ठेवावा लागतो, आणि आपल्या पावसाळ्यात ते वीजबिलासकट सांभाळावे लागते. फॉइल कापताना कडेवर उरलेले धातूचे बारीक कुसळ सेपरेटरला (दोन अग्रांमधल्या पातळ पडद्याला) भोक पाडते. असा सेल लगेच बिघडत नाही, हळूहळू चार्ज गमावतो. हा दोष फॉर्मेशन (पहिले चार्जिंग) आणि एजिंग (सेल काही दिवस ठेवून तपासणे) झाल्यावर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी उघड होतो. तोवर त्याच पात्याने कापलेले हजारो सेल रॅकवर चढलेले असतात. नव्या लाइनवर सुरुवातीचे अनेक महिने भंगार जास्त निघते ते यामुळेच, आणि ही चूक कुठल्या मशीनवर झाली हे ओळखणारी माणसे पैशाने एका रात्रीत मिळत नाहीत.

असे असताना सेलच्या योजनेच्या अटी तारखांवर चालतात : दोन वर्षांत २५ टक्के देशी मूल्यवर्धन, पाच वर्षांत ६० टक्के, उशीर झाला की दंड. आमची विनंती अशी की, दंड आणि प्रोत्साहन दोन्ही लाइनच्या यील्डशी (चांगल्या मालाच्या प्रमाणाशी) जोडा. शंभरपैकी किती सेल एजिंगनंतर पास होतात, हा आकडा दर तिमाहीला मागा. मशिनरी उभारायला येणाऱ्या परदेशी तंत्रज्ञांचे व्हिसा मंत्रालयाने एका खिडकीतून निकाली काढावेत. जुलै २०२५ पासून एलएफपी कॅथोडचे (सेलच्या धन अग्राचे) तंत्रज्ञानही चीनच्या निर्यात-निर्बंध यादीत आहे, त्यामुळे कॅथोड पावडरचा कारखाना सेलच्या कारखान्याइतकाच निकडीचा आहे.

उद्या देशी सेल तयार झाला, तरी गाडीवाला तो लगेच घेईल असे समजू नका. एलएफपी सेलचे व्होल्टेज बहुतेक चार्ज-पट्ट्यात ३.२ ते ३.३ व्होल्टच्या दरम्यानच राहते. काही मिलिव्होल्टची चूक झाली की उरलेला चार्ज कितीतरी टक्क्यांनी चुकीचा दिसतो. सेल बदलला की बीएमएसमधली (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेतली) कोष्टके थंडीपासून पंचेचाळीस अंशांच्या वरपर्यंत नव्याने भरावी लागतात. त्यात महिने जातात. पुढे एआयएस-०३८ या वाहन सुरक्षा मानकानुसार पॅकच्या चाचण्या असतात : कंपन, आघात, आग, शॉर्ट सर्किट, आणि एक सेल पेटल्यावर प्रवाशांना किमान पाच मिनिटे आधी इशारा मिळतो का ते. थोडी बचत व्हावी म्हणून हा खटाटोप कोणी करत नाही. तेव्हा दुसऱ्या, देशी सेलच्या प्रमाणीकरणाचा खर्च सरकारने उचलावा. पीएम ई-ड्राइव्ह या इलेक्ट्रिक वाहनांच्या सरकारी योजनेत चाचणी संस्थांसाठी ७८० कोटी ठेवले आहेत; त्यातून इमारतींच्या आधी सेल सायकलर (सेल पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करणारी यंत्रे) आणि थर्मल चेंबर (तापमान बदलून चाचणी घेण्याच्या पेट्या) घ्यावेत.

चुंबकांसाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटींची, वर्षाला ६,००० टन क्षमतेची योजना मंजूर झाली, हे चांगले झाले. पण आपल्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट या खनिजात हलकी रेअर अर्थ मूलद्रव्ये आहेत. डिस्प्रोसियम आणि टर्बियम हाती लागण्याइतके नाहीत. रोटर (मोटरचा फिरणारा भाग) दीडशे अंशांपर्यंत तापला की नेमके हेच दोन घटक चुंबकत्व टिकवतात. म्हणून चुंबकाविना चालणाऱ्या मोटरींना समांतर निधी द्यावा. बीएमडब्ल्यू आणि रेनो रोटरवर तांब्याची गुंडाळी असलेली मोटर वापरतात. तिथे फिरत्या गुंडाळीला वीज पोचवणाऱ्या स्लिप रिंग आणि ब्रशची झीज होते, पण ती मोजता येते आणि भागही बदलता येतात. इंडक्शन मोटर आपल्याकडे ढिगाने बनते, मात्र तिच्या रोटरमध्ये उष्णता जास्त होते आणि शहरी वाहतुकीत कार्यक्षमता थोडी कमी पडते. दोन्हींच्या इथल्या रस्त्यांवरच्या चाचण्या सरकारी पैशाने व्हाव्यात आणि निकाल सर्वांना खुले असावेत.

पॉवर मॉड्यूलबद्दल थोडक्यात. भुवनेश्वरच्या सिलिकॉन कार्बाइड (पॉवर चिपसाठीचा पदार्थ) प्रकल्पाला ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. वाहनासाठी मॉड्यूल पास व्हायचे तर तापणे-निवणे यांची आवर्तने हजारोंनी करावी लागतात, त्यात बाँड वायर (चिपला जोडणारी बारीक तार) सुटते किंवा सोल्डरला तडे जातात. नमुना चिप हाती येताच इन्व्हर्टर बनवणाऱ्यांना या चाचण्यांत सामील करून घ्या, कारखाना पूर्ण होण्याची वाट पाहू नका.

शेवटची मागणी बिनखर्चाची आहे. पीएलआय घेणाऱ्या प्रत्येक मॉडेलमागे चार ओळी मंत्रालयाच्या पोर्टलवर टाकाव्यात : सेल कुठला, कॅथोड पावडर कुठली, चुंबक कुठले, पॉवर चिप कुठली. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांकडे आयातीचा हिशेब येतोच. कंपन्या व्यापारी गुपिताचे कारण पुढे करतील. कंपनीचे नाव वगळून फक्त देश लिहिला तरी आमची हरकत नाही.

आपले,
बॅटरी, मोटर आणि वाहन-चाचणी क्षेत्रातील काही अभियंते
पुणे